पुढच्या अजानेपर्यंत

महदिया, १४ जानेवारी
दुपारी पाऊण

एमना,

प्रिय म्हणायचा हक्क तू काढून घेतला आहेस, म्हणून नुसतं एमना. फोनवर तू मला बंद केलंस. तुझ्या भावाकडून निरोप पाठवला, तर त्याने उलट माझ्याच आईकडे माझी तक्रार केली. टपाल मात्र कुणाला बंद करता येत नाही. पोस्टमनची कॉलर तू धरणार नाहीस, ते काम माझं.

हो, विनोद करतोय. कारण अजून त्याबद्दल गंभीरपणे बोलता येत नाही. बेन अमोर सरांनी भर वॉर्डात, पेशंटसमोर, तुला 'गाढवीण' म्हटलं आणि मी त्यांना भिंतीला टेकवलं. त्याच दिवशी कॉलेज सोडलं. तू म्हणालीस, "माझ्यासाठी नाही केलंस हैथम. तुला भांडायला कुणीतरी लागतं, एवढंच." अडीच वर्षं नर्सिंग शिकलो त्यातलं निम्मं विसरलो असेन, हे वाक्य नाही विसरलो. माफी मागणार नाही. आज तरी नाही.

नोकरी लागली आहे. दार अस-सकीना नावाचा वृद्धाश्रम, समुद्राच्या बाजूला, अडतीस म्हातारी माणसं. मी मदतनीस. सकाळी सहा ते रात्री आठ, आमच्या दालनात अकरा जण अंथरुणाला खिळलेले. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. हस खुशाल.

मला सगळं शिकवते ती मबरूकामावशी. बावीस वर्षं इथे आहे, वाचता येत नाही, पण कुणाला वरणासारखी पातळ पेज लागते आणि कुणाला दाट, सगळं तोंडपाठ. पहिल्या दिवशी मी घड्याळ शोधत होतो, तर म्हणाली, "पोरा, भिंतीवर काय बघतोस? मशिदीतून हाक आली की उठायचं. आधी यांची कूस बदलायची, मग आपली नमाज. आपण झुकायचं, यांना वळवायचं. विसरायची सोयच नाही."

किती सोपं, बघ! कॉलेजात याच गोष्टीवर आपल्याला चाळीस पानं पाठ करायला लावली होती.

दुपारची हाक होऊन गेली, अकराही जण वळवून झाले. आता पुढच्या अजानेपर्यंत, तिसऱ्या प्रहरच्या असरपर्यंत, मी मोकळा, म्हणजे पावणेतीन तास फक्त तुझे. कागद ऑफिसातला आहे. मागच्या बाजूला छापील रकाने दिसतील, तिकडे बघू नकोस.

तुझा (हेही खोडायचं असेल तर खोड)
हैथम


२० एप्रिल
दुपारी दीड

एमना,

तू लिहिलंस! दीड ओळ का असेना. टपालवाल्याला मी मिठी मारली, तो अजून मला टाळतोय.

"मी मूल्यमापन पथकात आहे. जूनमध्ये तुमच्या आश्रमाची पाळी आहे. मला लिहू नकोस."

तीन वाक्यं, पण त्यातलं एकच मी वाचलं. जूनमध्ये तू इथे येणार. पांढरा कोट घालशील का गं? की तो सरकारी करडा?

पथकाची बातमी इथेही पोचली आहे. आमचे संचालक सी लुत्फी आठवडाभर घामाघूम आहेत. नव्या पद्धतीत शंभरपैकी गुण मिळणार आणि पन्नासच्या खाली गेलात तर दाराला कुलूप, असं ते सांगतात. मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, चहात बदाम टाकले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"हैथम, तुझं अक्षर छान आहे," म्हणाले. "कूस-तक्ते तूच भर. मबरूकाला लिहिता येत नाही आणि बाकीच्यांनी सहा महिने कोरे ठेवलेत."

तुला म्हणून सांगतो, तुमच्या पथकाला आमच्याकडे एक रिकामा चौकोन सापडणार नाही. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, शेजारी सही. इतका सुबक तक्ता सगळ्या देशात नसेल. माझ्याबद्दल तुला कधीतरी अभिमान वाटावा ना?

तुला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. तिजानीकाका, खाट क्रमांक चार. चाळीस वर्षं ट्यूनाच्या बोटीवर होते. आता कमरेखाली काही हलत नाही, पण जीभ दोन माणसांएवढी चालते. मी लिहायला बसलो की ओरडतात, "कोण रे ती? उत्तर देते का?"

"देते, काका."

"किती ओळी?"

"दीड."

"दीड! अरे, मासासुद्धा गळाला लागायच्या आधी दोनदा हुंगतो. लिहीत राहा."

तर पुढच्या अजानेपर्यंत मोकळा आहे, लिहीत राहतो. ही चौदावी चिठ्ठी. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ घालतो, म्हणजे म्हातारपणी तुला क्रम लावताना त्रास नको.

हैथम


३ जून
दुपारी अडीच

एमना,

उकाडा असा की चादरी पिळल्या तर पाणी निघेल. पुढच्या अजानेपर्यंत मोकळा, म्हणून मागच्या पायरीवर बसलोय, समोर समुद्र, पण वारा कुठे मेलाय कोण जाणे.

मबरूकामावशीची एक युक्ती सांगतो. मोगरा फुलायला लागला की ती रोज सकाळी कळ्यांचे छोटे गुच्छ बांधते, अकरा. ज्याची जी बाजू वर, त्या कानावर गुच्छ खोवायचा. कूस बदलली की गुच्छही बदलायचा. दारातून नजर टाकली की कोण कुठल्या कुशीवर आहे ते कळतं. माझे तक्ते राहू देत, हाच खरा तक्ता, असं मी तिला चेष्टेत म्हणालो. ती म्हणाली, "तुझ्या तक्त्याला वास येतो का?"

तिजानीकाका गुच्छ घालून नवरदेवासारखे दिसतात. आज मात्र गप्प होते. कमरेच्या हाडावर थोडी लाली आहे. उन्हाळा आहे, घामाने होतं. मावशी म्हणाली दरवर्षी होतं.

तू तीन आठवड्यांनी येणार. मी केस कापले. सी लुत्फींनी दालनाला रंग दिलाय, पिस्त्याच्या बर्फीचा रंग. मी रोज ठरवतो की तू आलीस की काय बोलायचं, आणि रोज त्यात बेन अमोर सर येतात आणि सगळं बिघडतं. खरं सांगू? त्यांना धरलं तेव्हा एका क्षणापुरता तुझा विसर पडला होता. फक्त मी आणि त्यांची कॉलर. तू बरोबर होतीस. घे, लिहून दिलं.

चार वाजून पाच मिनिटं. हाक आली. जातो.

हैथम


११ जून
दुपारी साडेबारा

एमना,

हे पत्र टाकणार की नाही माहीत नाही.

काल दुपारी तीनला पाणी प्यायला आत गेलो. तिजानीकाकांच्या डाव्या कानावर गुच्छ होता, सुकून तपकिरी झालेला. भिंतीवर माझा तक्ता होता, माझ्याच सुबक अक्षरात: दोन वाजता, डावी कूस, सही. डाव्या कुशीवर असते तर फूल उजव्या कानावर हवं. फूल खरं बोलत होतं. तक्ता मी सकाळी सहालाच रात्री आठपर्यंतचा भरून ठेवतो. तुला हे एप्रिलमध्ये सांगितलं नव्हतं.

चादर वर केली. कमरेच्या हाडावरची लाली बोटाने दाबली. दुसऱ्या वर्षी आपण एकमेकांच्या दंडावर दाबून शिकलो होतो, आठवतं? बोट उचलल्यावर पांढरं पडायला हवं. पडलं नाही. खरं तर ३ तारखेलाही पडलं नव्हतं. मी दाबून पाहिलं होतं आणि तुला 'थोडी लाली' असं लिहिलं. काल तिथली कातडी सुटून बोटाला आली.

"काका, दुखतं का?"

"तिथे काहीच कळत नाही पोरा," म्हणाले. "वास येतोय मात्र. ट्यूना शिळा झाल्यावर येतो तसा. मला वाटलं स्वप्नात बोटीवर आहे."

मावशी स्वयंपाकघरात चणे निवडत होती. मी विचारलं, "मावशी, या जखमा दरवर्षी होतात?"

"उन्हाळ्यात. घामाने. गेल्या वर्षी हाज्जा फतूमाला झाली, त्याआधी शाळेतल्या त्या मास्तरांना. सप्टेंबर सरला की आपोआप बरं वाटतं."

"मास्तरांना बरं वाटलं?"

तिने चण्यांतला एक खडा बाजूला टाकला. "नाही. ते जुलैत गेले."

मी तिच्या परातीतले चणे घेतले आणि ओट्यावर रांग लावली. पाव तासाला एक चणा. "जानेवारीत दुपारच्या हाकेपासून असरच्या हाकेपर्यंत हे इतके. अकरा." खाली दुसरी रांग. "आणि आता जूनमध्ये, पंधरा. तिथून संध्याकाळच्या हाकेपर्यंत आणखी चौदा. पुस्तकात म्हटलंय, आठ चण्यांच्या वर एका कुशीवर ठेवायचं नाही."

तिने दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. मोजता येतं तिला, उत्तम येतं.

"म्हणजे मी उशिरा उठले?"

"नाही मावशी. तू वेळेवरच उठलीस. दिवस लांबला."

"हाक आली की उठले मी. ताप असताना उठले. माझा भाऊ वारला त्या दिवशी उठले." तिचा आवाज चढत गेला. "अल्लाहच्या हाकेवर उठण्यात चूक कशी असेल रे?"

"हाक तुझ्या नमाजेसाठी आहे. त्यांच्या कमरेसाठी नाही."

असं बोलायला नको होतं. एमना, तुला माझी जीभ माहीत आहे. मावशी म्हणाली, "बावीस वर्षं, पोरा. बावीस उन्हाळे," आणि चणे पुन्हा परातीत लोटले.

मला तिच्यावर चिडायचं होतं. चिडता येईना. तिला पुस्तक माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तिने कधी खोटी सही केली नाही, तिला सहीच येत नाही. सगळ्या सह्या माझ्या. आणि त्या पावणेचार तासांत मी कुठे होतो? मागच्या पायरीवर. तुला समुद्राबद्दल लिहीत होतो.

दोन वीस झाले. त्यांना वळवून येतो.

हैथम


१९ जून
संध्याकाळी पाच

एमना,

आधीचं पत्र टाकलं नाही. खिशात आहे, घामाने शाई पसरली आहे.

आता दर दोन तासांनी वळवतो. मी मोबाइलवर गजर लावला होता, पण मावशी म्हणाली, "ही नाचगाण्याची धून वाजल्यावर मी आजारी माणसाला हात लावू? लाज आहे का?" म्हणून मी कुसकुसच्या पातेल्याचं झाकण वाजवतो. पहिल्या दिवशी तिजानीकाकांनी विचारलं, "ही कुठली नवी नमाज काढलीस?" शेजारच्या खाटेवरची आजी तर खरंच नमाजेआधी तोंड धुवायला पाणी मागत होती. मावशी हसली नाही, पण झाकण वाजलं की सगळ्यांच्या आधी ती खाटेपाशी असते. माझ्याशी बोलत नाही. बाकी दहा जणांच्या कातड्या ठीक आहेत. काकांची नाही. आता अंगठा जाईल एवढा खड्डा आहे, कडा काळ्या. ताप येतो. त्यांना इस्पितळात शस्त्रक्रियेच्या डॉक्टरला दाखवायला हवं, आजच्या आज.

हे मी सी लुत्फींना सांगितलं. ते म्हणाले, "पथक गेल्यावर."

"त्याला पाच दिवस आहेत."

"इस्पितळाच्या चिठ्ठीवर माझी सही लागते. सही केली की पहिला प्रश्न: झालं कसं? तक्ते बघतील. तक्त्यात दर दोन तासांनी कूस बदललेली. मग जखम कशी? सांग की, सही तुझी आहे."

मी दाराकडे वळलो.

"बस," म्हणाले. पुन्हा बदामाचा चहा. "चोवीस तारखेला सकाळी तू व्हॅन काढ. तिजानीला त्याच्या मुलीकडे सोड, एक दिवस. घरच्या माणसांत गेलाय म्हणायचं, त्यात वाईट काय? संध्याकाळी आण, दुसऱ्या दिवशी इस्पितळात. शब्द."

मुलीचं गाव दीड तासावर. व्हॅनचं मागचं बाक लाकडी. त्या जखमेवर दीड तास जायचं, दीड तास यायचं.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "तुमच्या कॉलेजात माझा मेहुणा आहे. बेन अमोरची तक्रार मागे घेतली जाऊ शकते. ऑक्टोबरपासून तू पुन्हा वर्गात. तिसरं वर्ष पूर्ण कर. कुठल्याशा मुलीला तोंड दाखवायचं असेल ना तुला?"

त्यांना कुणी सांगितलं असेल? सगळ्यांनीच. मी इथे तुझ्याबद्दल फार बोलतो.

माझा हात टेबलावरून उठला. त्यांनी तो पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. मी तो हात बशीकडे नेला, चहा संपवला आणि बाहेर आलो. 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. तेच तुला सांगायला लाज वाटतेय. ऑक्टोबर हा शब्द दिवसभर कानात आहे.

ते अगदीच खोटं बोलत नाहीत. दाराला कुलूप लागलं तर अडतीस माणसं जातील कुठे? मावशीला कोण ठेवून घेईल?

मघाशी मावशी स्वतःहून माझ्यापाशी आली. "तिजानीला नेणार आहेस म्हणे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" तिने माझी नक्कल केली. "त्या मास्तरांनाही असंच नेलं होतं. कुणीतरी मोठं माणूस बघायला येणार होतं. व्हॅनमध्ये त्यांच्या उशाशी मी बसले होते. रस्ताभर म्हणत होते, मबरूका, मला कुठे लपवताय?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, फिरायला नेतोय." तिने ओढणीने तोंड पुसलं. "पोरा, माझ्या काळजाच्या तुकड्या, मला लिहिता येत नाही. तुला येतं. ते कशाला येतं तुला?"

हैथम


२४ जून
सकाळी सव्वानऊ

एमना,

हे पत्र टपालाने नाही, तुझ्या हातात देणार. सोबत आधीची दोन आहेत, ११ आणि १९ तारखेची. तुम्ही दहाला येणार, असं सी लुत्फी फाटकाशी उभे राहून पाचव्यांदा सांगतायत.

व्हॅन जागेवरच आहे. किल्ली सापडत नाहीये. ती स्वयंपाकघरातल्या लाल मिरचीच्या हरिसाच्या मोठ्या बरणीत, तळाशी आहे. मी टाकली नाही. मी फक्त सकाळी मावशीचा उजवा हात कोपरापर्यंत लाल झालेला पाहिला. ती म्हणाली, "भाजी करत होते."

काल सी लुत्फींना मी 'नाही' म्हणालो. कॉलर धरली नाही. आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, "मग तुझं कॉलेज विसर." मी म्हणालो, "विसरलो." विसरलेलो नाही. पण बोललो.

आता तू काय करायचंस ते सांगतो. मला ओळख दाखवू नकोस. वर बघूही नकोस. दालनात शिरलीस की डाव्या हाताची पहिली खाट. चारवरून काकांना मी तिथे, अगदी दारात आणलं आहे. चादर वर कर. बोटाने दाबायची गरज पडणार नाही.

मग ते तुला तक्ते दाखवतील, आणि ते पाहून तू म्हणशील, किती काटेकोर माणूस आहे हा. ते तक्ते खोटे आहेत. सह्या माझ्या आहेत, मबरूकामावशीच्या नाहीत, बाकी कुणाच्या नाहीत. पुरावा तुझ्याकडेच आहे. जानेवारीपासून मी तुला एकवीस पत्रं टाकली. प्रत्येकावर तारीख आहे, वेळ आहे, आणि सगळ्यांत तेच वाक्य आहे: पुढच्या अजानेपर्यंत मोकळा. ३ जूनचं पत्र काढ. अडीच ते चार पाच. शेजारी ३ जूनचा तक्ता ठेव. तक्ता म्हणतो, दोन वाजता मी काकांना डावीकडे वळवलं आणि चार वाजता पाठीवर. पत्र म्हणतं, मी तुझ्यावर प्रेम करत होतो. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नव्हतो.

फाडली असशील तर माझ्यापाशी दुसरं काही नाही. पण तू कागद फाडणारी नाहीस. वहीच्या मधल्या पानांना पिना काढून जपून ठेवणारी आहेस.

पत्रं पुढे ठेवलीस तर त्यातलं बाकीचंही तुझे साहेब वाचतील, हे मला कळतं. तुला विचारतील, हा कोण, तुझ्या भेटीआधी इथला माणूस तुला कसा लिहीत होता. तुझी नोकरीही अडचणीत येईल. म्हणजे पुन्हा एकदा माझ्यामुळे भर वॉर्डात सगळे तुझ्याकडे बघणार. या वेळी विचारतो, जे मागच्या वेळी विचारलं नाही: चालेल का? नसेल चालणार तर पत्रं ठेव बाजूला. मी तोंडाने सांगीन, जेवढं ऐकतील तेवढं. चादर मात्र वर कर.

आणि गुण देताना एक गोष्ट लिही. या दालनातली बाई बावीस वर्षं एकाही हाकेला चुकली नाही. तिला दोन तासांचा नियम कुणी शिकवला नाही. शिकवल्यावर एका दिवसात शिकली. गुण कापायचे ते शिकवणाऱ्यांचे कापा, माझ्यासकट. कुलूप लावू नका. घड्याळ लावा.

काकांना ताप आहे, पण शुद्धीवर आहेत. विचारत होते, "येणार ना आज ती? दीड ओळीवाली?" म्हटलं, येणार. मला म्हणाले, "मग माझा गुच्छ ताजा लाव. आणि माझ्या खाटेपाशी उभा राहून रडू नकोस, ती मला बघायला येतेय."

मावशीने नवा गुच्छ बांधून उशाशी ठेवलाय. जुना अजून डाव्या कानावर आहे. काकांना वळवून नवा उजव्या कानावर लावायची वेळ नऊ चाळीस.

नऊ अडतीस झालेत, एमना. पत्र इथेच थांबवतो.